म्हणे चालता आलं की झालं!

नोव्हेंबर उजाडला की आइंडहोवनमधल्या मराठी मंडळींत एक चर्चा हमखास सुरू होते. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेलेला असतो, पाच वाजायच्या आत काळोख होतो, आणि कुणाच्या तरी घरी जेवणं झाल्यावर विषय निघतो: यंदा कार्निव्हलच्या सुट्टीत बर्फात कुठे जायचं? स्कीइंगचं नाव काढलं की निम्मे लोक गुडघ्यांकडे बघतात आणि उरलेले पाकिटाकडे. मग कुणीतरी जाणकार सोफ्यावर रेलून म्हणतो, "अरे, स्नोशू घ्या की! त्यात शिकायचंय काय? चालता येतं ना? मग झालं!"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतः इतक्या वेळा म्हटलंय, की आता त्याच्याशी भांडायची वेळ आली आहे. भांडण स्नोशूशी नाही, बरं का. वस्तू झकास आहे. भांडण आहे ते त्या 'मग झालं'शी.

ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद, लांबट चौकट. डच त्यांना 'बर्फाचे बूट'च म्हणतात, फ्रेंच त्यांना रॅकेट म्हणतात, आणि जुने लाकडी स्नोशू पाहिले की फ्रेंचांचं पटतं. माझं वजन, कपडे आणि पाठीवरची पिशवी धरून समजा ८० किलो. बुटाचा तळवा साधारण २५० चौरस सेंटीमीटर. स्नोशूचा तळ १,००० च्या आसपास. म्हणजे बर्फावरचा दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. जिथे मांडीपर्यंत रुतला असतात तिथे घोट्यापर्यंत रुतता. बस्स, एवढीच जादू. तुम्ही तरंगत नाही, फक्त कमी बुडता. ही युक्ती माणसाला फार आधी सुचली होती. २००३ साली इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या एका हिमनदीवर, ३,००० मीटरच्या वर, नकाशाचं काम करणाऱ्या एकाला बर्चच्या फांदीचं दोरीनं बांधलेलं एक कडं सापडलं. तपासणीत ते इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० च्या सुमाराचं ठरलं. त्याच डोंगररांगेत सापडलेल्या सुप्रसिद्ध ओट्झीपेक्षाही जुना स्नोशू!

आता पहिली तक्रार. आपण इंजिनियर लोक. वस्तू म्हटली की आधी एक्सेल शीट. कुठलं मॉडेल, किती ग्रॅम, अॅल्युमिनियम की प्लास्टिक, टाचेखालची उचलपट्टी आहे का. मागे एका मित्रानं सेलमध्ये तीस इंची जोडी घेतली. का? तर तो सहा फूट उंच आहे आणि बाविसाची न् तिसाची किंमत सारखीच होती! मोठा डबा स्वस्तात पडतो हे तेलाच्या बाबतीत ठीक आहे हो. स्नोशूचं माप उंचीवरून ठरत नाही, पायाच्या नंबरावरूनही नाही. ते ठरतं सामानासकट वजनावरून आणि बर्फ कसा आहे यावरून. ८० किलोच्या माणसाला आल्प्समधल्या नेहमीच्या बर्फात बावीस इंची जोडी पुरते. ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ आणि पाठीवर तंबू असेल तर मोठी. मोठी जोडी म्हणजे पाय फाकून चालणं, स्वतःच्याच स्नोशूवर पाय देऊन तोंडावर पडणं, आणि पायाला जास्तीचं ओझं. पायावरचा एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतका, असं ट्रेकर मंडळी उगाच म्हणत नाहीत. आमच्या मित्राचे तीस इंची स्नोशू सध्या गॅरेजमध्ये सायकलींच्या मागे उभे आहेत. अधूनमधून त्यावर कुंड्या ठेवलेल्या दिसतात.

घ्यायचेच असतील तर लांबीआधी खालची बाजू बघा. गोल नळीची चौकट आणि त्यावर ताणलेलं कापड, असे स्नोशू सपाटीवर उत्तम, पण तिरक्या उतारावर कडेनं घसरतात. ज्यांच्या कडांनाच दाते असतात किंवा तळाला धातूच्या पट्ट्या असतात ते उतार धरून ठेवतात. चवड्याखाली काटे हवेतच. बांधणीचे पट्टे हातमोजे घालून सोडता येतात का ते दुकानातच करून पाहा, सेल्समन हसला तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते लागणार आहेत का? केदारकंठाला हिवाळ्यात गेलेल्यांना आठवत असेल, तिथे गेटर आणि बुटांवर चढवायचे काटे एवढ्यावर काम भागतं, कारण शेकडो पायांनी वाट दाबून टणक केलेली असते. दाबलेल्या वाटेवर स्नोशू म्हणजे घरात गमबूट.

आणि आपण राहतो कुठे? आइंडहोवनला! फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर हिमवादळ झालं तेव्हा पोरांनी घसरगाड्या काढल्या, मोठ्यांनी फोटो काढले, आणि पुढच्याच आठवड्यात सगळ्याचा चिखल झाला. ज्या देशात एल्फस्टेडनटोख्त ही दोनशे किलोमीटरची स्केटिंग शर्यत १९०९ पासून फक्त पंधरा वेळा झाली, आणि शेवटची १९९७ च्या जानेवारीत, तिथे आपण स्नोशू मालकीचे कशाला बाळगायचे? मी गेल्या चार हिवाळ्यांत मिळून अकरा दिवस वापरले. दिवसाला दहा-बारा युरो भाडं धरा. विकत घेतले असते तर अजून पैसे वसूल व्हायचेच होते.

यावर उत्तर येतं, "पण बेल्जियम आहे ना! दीड-पावणेदोन तासांत बर्फ!" आहे की. ओत फान्यचं पठार, बोत्रांजचा माथा, उंची ६९४ मीटर. बेल्जियमचं सर्वोच्च ठिकाण सातशेला सहा मीटर कमी पडतं म्हणून १९२३ मध्ये तिथे सहा मीटरचा चौथरा बांधला, म्हणजे माणूस पायऱ्या चढून सातशेवर उभा! (मला हे फार आवडतं. आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीला शोभेल असं काम आहे.) जागा सुंदर आहे, पण ती आहे दलदल, हजारो वर्षांत साठलेल्या शेवाळाची. पाच सेंटीमीटर बर्फावर दातेरी स्नोशू घालून तुम्ही हिंडलात तर खालचं शेवाळ आणि लाकडी फळ्यांच्या वाटा, दोन्ही सोलून निघतात. शिवाय तिथले विभाग ठरलेले आहेत. काहींत फक्त वाटेवरूनच चालायचं, काहींत मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकायचं नाही. काळा रानकोंबडा तिथे संपत आला होता, २०१७ पासून स्वीडनहून पक्षी आणून सोडताहेत. हिवाळ्यात त्यांना एकदा उडवलं तरी त्यांची जपून ठेवलेली ताकद खर्च होते. आणि कृपा करून लांगलाउफच्या आखलेल्या चाकोरीतून चालू नका. मागे एका आजोबांनी आमच्या घोळक्याला जर्मनमध्ये जे सुनावलं त्याचं भाषांतर करायची गरज कुणालाच वाटली नाही.

असो. इथवर नुकसान पैशाचं, शेवाळाचं आणि अब्रूचं. बोत्रांजवर हिमकडा कोसळत नाही. 'चालता येतं ना, मग झालं' हे वाक्य खरं महाग पडतं ते आल्प्समध्ये, आणि ते आपल्यालाच जास्त महाग पडू शकतं, कारण आपण सह्याद्रीतून आलोय.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण हे माझ्यावर बेतलंय. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे ऑस्ट्रियात गेलो होतो. चौघेही जुने ट्रेकर. हरिश्चंद्रगड, रतनगड, रात्रीचा राजगड, सगळं झालेलं. गावातल्या दुकानातून स्नोशू घेतले. दुकानदारानं बुटाचा नंबर विचारला, बाकी काही नाही. आम्हीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जंगल संपल्यावर वर मोकळा, गुळगुळीत, पांढराशुभ्र उतार होता आणि त्यावरून कुणा स्कीवाल्यांची छान तिरकी रेघ गेलेली होती. मळलेली वाट! सह्याद्रीत मळलेली वाट म्हणजे जीव भांड्यात. ढोरवाटेत घुसलास तर चुकशील, मळलेली धरलीस तर गावात पोचशील, हे आम्हाला आमच्या सीनियरांनी शिकवलेलं. उतार तर काहीच नव्हता. सह्याद्रीत त्याला आम्ही चढसुद्धा म्हटलं नसतं.

पन्नास पावलं गेलो असू. पायाखालून आवाज आला, 'वुम्म'. मोठ्या गादीवर कुणी बसावं तसा. आणि माझ्या पुढच्या मित्राच्या स्नोशूपासून वरच्या बाजूला बोटभर रुंदीची एक भेग सरसर पळत गेली. थांबली. आणखी काही झालं नाही. आम्ही किती वेळ उभे होतो आठवत नाही. मग एकेक करून, अंतर ठेवून, आल्या पावली परत. आल्या पावली परत म्हणजे मोठा वळसा घेऊन, कारण स्नोशू घालून मागे पाऊल टाकलं की शेपूट रुततं आणि माणूस आडवा होतो. हे त्या दिवशी कळलं. चौघांत मिळून एक फावडं नव्हतं.

संध्याकाळी खोलीवर त्या दिवसाचा हिमप्रपाताचा अंदाज वाचला. पाचपैकी तिसरी पायरी. वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ, खाली कच्चा थर, आणि दिशा व उंची लिहिलेली. आमचा उतार त्यात जसाच्या तसा होता. टिरोल, दक्षिण टिरोल आणि त्रेंतिनो हे तीन प्रांत मिळून २०१८ च्या हिवाळ्यापासून हा अंदाज रोज फुकट देतात, हंगामात आदल्या संध्याकाळीच. आम्ही हॉटेलचे रिव्ह्यू तीन तास वाचले होते.

सह्याद्री आपल्याला कड्याची भीती शिकवतो. घसारा, शेवाळलेली पायरी, पाण्याविना दुपार, पावसातला ओढा. बर्फात नेमका मधला उतार मारतो. साधारण ३० अंशांच्या पुढे धोका सुरू होतो, आणि फारच उभ्या भिंतीवर बर्फ साठतच नाही. फोनमध्ये उतार मोजायची सोय असते, ती वापरा. आणि आपण उभे आहोत तो उतारच नव्हे, डोक्यावर कोणता आहे तोही. मळलेली वाट एवढंच सांगते की काल इथून कुणीतरी सुखरूप गेलं. तो स्कीवर होता, त्याचा भार लांब पट्टीवर पसरलेला होता, आणि मध्ये एक रात्र वारा वाहिलाय. गाडले गेलेल्यांना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानं चित्र उलटं होतं. म्हणजे खालून येणाऱ्या हेलिकॉप्टरवर नाही, सोबत असलेल्यावर आणि त्याच्या पिशवीत ट्रान्सीव्हर, काठी, फावडं आहे की नाही यावर सगळं. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले पंचवीसहून अधिक जण हिमप्रपातात गेले. ते तर शिकणारे आणि शिकवणारे होते. आपण तर फक्त चालता येणारे.

"म्हणजे मग जायचंच नाही का?" असं लगेच विचारतात लोक, जरा चिडूनच. जा ना! मी दर वर्षी जातो. पण आखून दिलेल्या स्नोशू वाटांवर जा, बहुतेक दऱ्यांत त्या असतात, खांब आणि पाट्या लावलेल्या. त्यापलीकडे जायचं तर गाईड घ्या. तोही महाग वाटत असेल तर डोंगर नसलेल्या या देशात १९०२ पासून गिर्यारोहकांची संघटना आहे, आज तिला एन. के. बी. व्ही. म्हणतात, ती हिमप्रपाताचे अभ्यासक्रम घेते. एका वीकेंडची गोष्ट. मी केलाय. वर्गात माझ्याशिवाय सगळे डच होते, आणि निम्म्यांनी आयुष्यात घाट पाहिला नव्हता. बर्फाचा खड्डा खणून थर बघायला शिकताना त्यांचं काही अडलं नाही. माझं अडलं, कारण मला सारखं वाटत होतं की उतार मला कळतो.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा तीच बैठक झाली. तोच सोफा, तेच वाक्य. मी म्हटलं, स्नोशू माझ्याकडून फुकट घेऊन जा, गॅरेजमधले तीस इंची त्या मित्रानं देऊन टाकलेत. अट एकच, अंदाज कुठे वाचायचा ते आत्ता माझ्यासमोर फोनवर उघडून दाखवा. वहिनींनी उघडला. जाणकारांनी अजून उघडलेला नाही.