छतावरची वीज विकण्याआधी



गेल्या महिन्यात जालन्याला आक्काकडे गेलो होतो. रविवारची वंदना आटोपून दाजी विहारातून परतले ते हातात एक रंगीत पत्रक घेऊनच. बाहेर एक टापटीप तरुण उभा होता, त्याने ते सगळ्यांना वाटले होते. पत्रकावर घराचे छत, छतावर निळ्या पाट्या, आणि खाली ठळक अक्षरांत, 'वीज विका, दरमहा पैसे मिळवा'.

दाजी पालिकेच्या पाणीपुरवठ्यात ३१ वर्षे वॉलमन होते. निवृत्तीच्या पैशातून लेकीचे लग्न झाले, वर स्लॅब पडला, आणि जे उरले ते बँकेत आहे. पत्रकवाल्याने त्यांना ५ किलोवॅटचा संच सुचवला होता. किंमत २ लाख ९० हजार. मला म्हणाले, "तुम्ही वायरमन माणूस. बघा बरं. चेक येणार म्हणतोय महिन्याच्या महिन्याला."

आक्का आतून म्हणाली, "चेक येईल तेव्हा येईल. माझं वाळवण कुठं घालू ते आधी सांगा."

मी सुनेला वीजबिले आणायला सांगितले. तिने पिशवीत बारा महिन्यांची बिले नीट लावून ठेवलेली होती. ही सवय प्रत्येक घरात असावी. बिले जमिनीवर मांडली आणि युनिटांची बेरीज केली. मे महिन्यात २६०, थंडीत १३०, वर्षाचे एकूण २,१६०. म्हणजे महिन्याला सरासरी १८० युनिट.

आता संचाचे गणित. आपल्या महाराष्ट्रात १ किलोवॅटच्या पाट्या महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतात. वर्षावासाच्या महिन्यांत आभाळ भरलेले असते तेव्हा कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त, पण सरासरी ही. त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. म्हणजे दाजींच्या घराला २ किलोवॅट पुरून उरतात. मग ५ किलोवॅट कशाला? "उरलेली विकायला," दाजी म्हणाले.

इथेच सगळी मेख आहे.

वीज विकायची म्हणजे दूध डेअरीला घालण्यासारखे नाही, की लिटर मोजले आणि पैसे हातात पडले. घरच्या संचाला जो मीटर बसतो तो दोन्ही बाजूंनी मोजतो. दिवसा पाट्यांची वीज आधी आपल्याच पंख्याला, फ्रीजला, मिक्सरला जाते. घरात खपून उरली तरच ती मीटरमधून बाहेर महावितरणच्या तारेवर जाते. रात्री आपण तारेवरची वीज आत घेतो. महिन्याच्या शेवटी आत आलेल्या युनिटांतून बाहेर गेलेली युनिटे वजा होतात आणि राहील त्याचे बिल येते. बाहेर जास्त गेली असतील तर ती युनिटे पुढच्या महिन्याला जमा. याला नेट मीटरिंग म्हणतात. आपल्या राज्यात वीज नियामक आयोगाने त्याचे नियम प्रथम २०१५ साली केले, २०१९ साली नवे केले.

सुनेला मी बचत गटाचा दाखला दिला. दिवसा गटात टाकायचे, रात्री काढायचे. व्याज नाही. आणि ३१ मार्चला वही बंद. त्या दिवशी जी युनिटे शिल्लक असतील तेवढीच काय ती महावितरण विकत घेते. तीही आपण वीज घेतो त्या भावाने नाही. आयोगाने ठरवलेल्या भावाने, आणि तो आपल्या बिलातल्या दरापेक्षा बराच कमी असतो.

म्हणजे आपल्या छतावरच्या एकाच युनिटाला दोन किमती आहेत. ते युनिट आपल्या बिलातून वजा झाले तर त्याची पूर्ण किंमत वसूल होते. उरून विकले गेले तर कमी. शिवाय घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, १०१ ते ३०० चा बराच जास्त, त्यापुढे आणखी चढता. म्हणून पाट्यांनी वाचवलेले पहिले युनिट हे आपले सर्वांत महागडे युनिट असते.

दाजींना कागदावर मांडून दाखवले. २ किलोवॅटचा संच समजा १ लाख २० हजारांना पडला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे ६०,००० परत. बिलात महिन्याला चौदाशेच्या आसपास वाचले तर उरलेले ६०,००० चार वर्षांच्या आत फिटतात. ५ किलोवॅटला मात्र अनुदान दुपटी-तिपटीने वाढत नाही. तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, आणि एकूण ७८,००० ला थांबते, मग संच कितीही मोठा करा. म्हणजे खिशातून २ लाख १२ हजार. ६० हजारांच्या वर जे दीड लाख गेले, त्यांच्या बदल्यात वर्षाला ४,३०० युनिट जादा. भाव ३ रुपये धरला तरी १३,००० रुपये. दीड लाख वसूल व्हायला जवळजवळ १२ वर्षे लागतील, आणि तोवर इन्व्हर्टर बदलायची वेळ आलेली असेल.

दाजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्यानं हे नाही सांगितलं."

आणखी एक गोष्ट त्याने उलटीच सांगितली होती. लाइट गेली तरी तुमच्या घरी उजेड, असे तो म्हणाला होता. तारेला जोडलेला साधा संच लाइट गेली की आपोआप बंद पडतो. भर दुपारी ऊन असले तरी. तो बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. लाइन बंद करून माणूस खांबावर चढलेला असतो आणि एखाद्या छतावरून वीज तारेत आली तर त्याचा जीव जाईल. मी पोरांबरोबर खांबाखाली उभा राहिलेला माणूस आहे, मला यात वाद नको वाटतो. लाइट गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरी घ्यावी लागते, तिचा खर्च वेगळा.

मग वीज विकून खरोखर कमाई कोणी करतच नाही का? करतात. गुजरातेत खेडा जिल्ह्यात ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. आधी ते डिझेलवर पाणी उपसत. सौर पंप आल्यावर डिझेल सुटले, पण पिकाला पाणी नको असते त्या दिवसांत पाट्यांची वीज वाया जायची. सहाही पंप एका तारेने जोडून त्यांनी एकाच जागी मीटर बसवला आणि उरलेली वीज मध्य गुजरात वीज कंपनीला विकायला काढली. करार २५ वर्षांचा, भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. बदल्यात तेवढी वर्षे शेतीसाठी सवलतीच्या विजेची जोडणी मागायची नाही, असे त्यांनी लिहून दिले. मंडळीत पुढे आणखी शेतकरी आले. मला त्यात आवडले ते हे, की सहा जण एकत्र आले म्हणून कंपनीने सहांना एक ग्राहक समजून करार केला. एकट्या-दुकट्याला कोण विचारतो? पण त्यांच्याकडे शेत होते, हेही विसरता येत नाही. आपल्यातल्या अनेकांकडे ना शेत, ना छत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते हे आपल्याला ठाऊक असते. विजेचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते, हे कमी जणांना माहीत आहे. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, ही मांडणी केली होती. त्या दृष्टीने पाहिले तर ज्यांचे बिल लहान आहे त्यांना या छतावरच्या विजेतून काय मिळते, हा प्रश्न विचारायलाच हवा. १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराला बचत थोडी, आणि पहिला पैसा घालणे जड.

त्यासाठी राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक जोड योजना काढली, स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. १ किलोवॅटच्या संचावर केंद्राच्या ३०,००० शिवाय दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याकडून १७,५००, दरमहा १०० युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० आणि त्याच गटातील इतरांना १०,००० रुपये ठरवले. ग्राहकांची संख्या सुमारे ५ लाखांवर मर्यादित आहे, तेव्हा चौकशी लवकर करावी. जातीचा दाखला फक्त पोरांच्या शाळेच्या कामाला काढून पुन्हा ट्रंकेत टाकू नका.

सोसायटीत राहणाऱ्यांना एकत्र छत आहे. जिन्याचे दिवे, पाण्याची मोटार, लिफ्ट या सामाईक बिलासाठी गृहनिर्माण संस्थेला किलोवॅटमागे १८,००० अनुदान मिळते. विहाराला मात्र हे अनुदान नाही, ते घरांसाठी आहे. भाड्याच्या खोलीत आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्याखाली राहणाऱ्यांना आजच्या नियमांत मला सरळ वाट दिसत नाही. पत्रा पाट्यांचे वजन आणि वारा झेलत नाही, उगीच कोणाच्या सांगण्यावरून चढवू नये.

अर्ज स्वतः करता येतो. सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकायचा, नोंदणी असलेल्या पुरवठादारांच्या यादीतून दोन-तीन कोटेशन मागवायची. संच बसला की महावितरणचा माणूस येऊन तपासतो, मीटर बदलतो, मग अनुदान थेट बँक खात्यात येते. अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. ३ किलोवॅटपर्यंत बँका कमी व्याजाने विनातारण कर्ज देतात, म्हणून ठेव मोडायची घाई नको. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. आणि वजावटीचे नियम आयोग वेळोवेळी बदलतो, तेव्हा सही करण्याच्या दिवशी जो नियम असेल तो कार्यालयात विचारून घ्या.

दाजींचे घोडे मात्र वेगळ्याच ठिकाणी अडले. बिल अजून त्यांच्या वडिलांच्या नावावर! वडील जाऊन १९ वर्षे झाली. अनुदान ज्याच्या खात्यात यायचे त्याचेच नाव बिलावर हवे. सुनेने सुचवले, "मामा, नाव बदलायचंच आहे तर आत्यांचं... म्हणजे सासूबाईंचं लावू या." दाजी आधी गप्प बसले, मग घराची कर पावती शोधायला उठले. ती दोघांच्या नावावर निघाली.

पाट्या सात फूट उंच लोखंडी सांगाड्यावर चढवायच्या असे ठरले. खर्च थोडा वाढतो, पण खाली वावरायला जागा राहते. आक्काने गच्चीवर जाऊन सांगाड्याची सावली कुठवर पडेल ते माझ्याकडून खडूने आखून घेतले. पापड-कुरडया दक्षिणेच्या पट्ट्यात, मिरच्या कठड्यालगत. घरघंटी घ्यायचा सुनेचा विचार आहे, म्हणून आकडा २ किलोवॅटचाच ठेवला. नाव बदलण्याचा अर्ज मंगळवारी दिला. पत्रकवाल्याचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्या वेळी आक्कानेच उचलला आणि त्याला विचारले, "३१ मार्चला शिल्लक युनिटाला काय भाव देता?" त्याने नंतर फोन करतो म्हणून सांगितले.