वालाला युरिया टाकण्याआधी मुळं बघा

वसई-विरार पट्ट्यात भात कापला की ओलीवर वाल पेरतात. रोपं जरा पिवळी दिसली की युरियाची गोणी फुटते. मराठवाड्यात सोयाबीनचंही तेच. पण या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र फुकट देतात. आयता नत्र जास्त मिळाला की गाठी कमी धरतात. पाला माजतो, शेंगा वाढतीलच असं नाही.

कडधान्याला शिफारस हेक्टरी २५ किलो नत्राची, म्हणजे एकरी १० किलो. ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र. एकरी गोणी टाकली तर दुप्पट झालं! 

बियाण्याला रायझोबियम चोळा. महिन्याभराने रोप खणून गाठ चिरा. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे, गोणी घरातच राहू द्या. गाठीच नसतील तर कृषी सहाय्यकाला विचारून मगच हात सोडा.