भाच्याचा मुत्सद्दीपणा आणि आत्याची बदनामी

आर्नहेमच्या युसेबियस चर्चमध्ये गेल्डर्सचा ड्यूक कारेल याची संगमरवरी कबर आहे. सप्टेंबर १९४४ च्या लढाईत हे चर्च उद्ध्वस्त झाले, पुढे पुन्हा उभे राहिले, आणि कारेलचा मानही टिकून राहिला. १४९२ ते १५३८ अशी ४६ वर्षे त्याने आपली लहानशी डची हाब्सबर्ग घराण्याच्या घशात जाऊ दिली नाही. त्यासाठी त्याने फ्रान्सचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. १५२८ मध्ये गोरिंखेमच्या तहात सम्राट पाचव्या चार्ल्सचे वर्चस्व मान्य केले आणि अखेरच्या वर्षांत तीच डची फ्रान्सच्या राजाच्या पदरात टाकण्याचा घाट घातला. त्याला औरस संतती नव्हती, अनौरस मुले मात्र बरीच होती. तरीही त्याला कोणी चंचल म्हणत नाही, की त्याच्या राजकारणाचा उगम त्याच्या शय्यागृहात शोधत नाही. दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या छोट्या राज्याच्या धन्याला असेच वागावे लागते, हे सगळे समजून घेतात, आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच की हा न्याय त्याच्या आत्यालाही मिळायला हवा. तिने तेच राजकारण स्कॉटलंडमध्ये केले, त्याच्या जन्माच्या चार वर्षे आधी ती वारली, आणि तेव्हापासून तिच्या नावाला बदफैलीपणाचा आणि धरसोडीचा डाग चिकटला आहे.

ही आत्या म्हणजे मेरी ऑफ गेल्डर्स. ड्यूक आर्नोल्ड आणि क्लीव्हची कॅथरिन यांची ही मुलगी १४३३-३४ च्या सुमारास जन्मली आणि आईचा मामा, बर्गंडीचा ड्यूक फिलिप, याच्या दरबारात वाढली. ३ जुलै १४४९ रोजी एडिंबरोच्या होलीरूड मठात स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याच्याशी तिचे लग्न झाले. तिचा ६०,००० क्राउनचा हुंडा फिलिपने कबूल केला होता. अकरा वर्षे ती राणी होती. ३ ऑगस्ट १४६० रोजी रॉक्सबर्गच्या वेढ्यात शेजारीच तोफ फुटून राजा ठार झाला. थोरला मुलगा अवघा आठ-नऊ वर्षांचा होता. तरी वेढा उठला नाही. शतकाहून अधिक काळ इंग्रजांकडे असलेला तो किल्ला काही दिवसांतच पडला आणि आठवड्याभरात जवळच्या केल्सो मठात तिसऱ्या जेम्सचा राज्याभिषेक झाला. पुढची तीन वर्षे बालराजा आईजवळ राहिला आणि राज्याची सूत्रे मुख्यतः तिच्या हाती राहिली. १ डिसेंबर १४६३ रोजी ती वारली, तेव्हा तिचे वय तिशीच्या आतबाहेर होते.

आरोप दोन आहेत. पहिला चारित्र्याचा. सॉमरसेटचा ड्यूक हेन्री बोफर्ट आणि नंतर हेल्सचा अॅडम हेपबर्न यांच्याशी तिचे संबंध होते, असे सांगतात. सांगणारे कोण, ते आधी पाहू. हेपबर्नची कथा येते जॉन मेअरच्या १५२१ मध्ये छापलेल्या इतिहासात, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. आणि मेअरचा जन्मच मुळी १४६७ च्या सुमारासचा. सॉमरसेटची कथा इंग्रजी लिखाणातली, म्हणजे ज्याच्याशी राणीचे राजकारण चालले होते त्या परक्या देशातली. मराठी वाचकाला ही परीक्षा नवी नाही. संभाजी महाराजांची बदनामी आपण बराच काळ मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीतून वाचली. ती बखर महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास लिहिलेली, आणि तीही महाराजांनी देहदंड दिलेल्या बाळाजी आवजींच्या वंशजाने. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० च्या चरित्रात समकालीन कागद समोर ठेवले तेव्हा चित्र पालटले. उशिरा लिहिणारा आणि हितसंबंध असलेला साक्षीदार आपण आपल्या राजाच्या बाबतीत नाकारला. तोच या राणीच्या बाबतीत ग्राह्य कसा धरायचा?

यावर कोणी म्हणेल, उशिराची नोंद म्हणजे खोटीच नोंद असे नाही. कबूल. मी राणीच्या पावित्र्याचा दाखला द्यायला बसलेलो नाही; तो देण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि विधवेच्या खासगी आयुष्याचा हिशेब मागण्याचाही नाही. प्रश्न आहे तो त्या कथांवरून तिच्या राजकारणाचा अर्थ लावण्याचा. आणि तिथे ही कथा आपल्याच वजनाने कोसळते. इंग्लंडमध्ये यॉर्क आणि लँकेस्टर ही घराणी गादीसाठी लढत होती, आणि सॉमरसेट हा लँकेस्टर पक्षाचा खंदा सरदार. त्याच्यावरच्या प्रेमाने राणी आंधळी झाली असती, तर तिचे धोरण अधिकाधिक लँकेस्टरकडे झुकायला हवे होते. घडले उलटे. १४६२ मध्ये तिने यॉर्क पक्षाचा आधारस्तंभ वॉरिकचा अर्ल याच्याशी बोलणी सुरू केली.

इथून दुसरा आरोप निघतो, धरसोडीचा. तो तारखा लावून पाहिला की वेगळा दिसतो. २९ मार्च १४६१ रोजी टाउटनला लँकेस्टर पक्ष चिरडला गेला. त्या पक्षाचा राजा सहावा हेन्री आणि त्याची राणी मार्गारेट स्कॉटलंडच्या आश्रयाला आली. मेरीने आश्रय दिला, पण फुकट दिला नाही. २५ एप्रिलला बेरिक हे सीमेवरचे मोक्याचे ठाणे त्या आश्रयाच्या बदल्यात स्कॉटलंडच्या ताब्यात आले, एकही तोफ न डागता. पुढे नवा राजा चौथा एडवर्ड याने फेब्रुवारी १४६२ मध्ये हेब्रिडीज बेटांचा अधिपती आणि परागंदा स्कॉटिश सरदार डग्लस यांच्याशी करार केला. त्यात स्कॉटलंडची वाटणी ठरली होती. आता हरलेल्या पक्षाला कवटाळून बसणे म्हणजे मुलाचे राज्य पणाला लावणे होते. वॉरिकशी बोलणी झाली ती यानंतर, आणि त्याच सुमारास मार्गारेटला पैसे देऊन फ्रान्सला रवाना करण्यात आले. ज्याला धरसोड म्हणतात, तो बदललेल्या वाऱ्याचा वेळीच घेतलेला अंदाज होता.

विरोधकांचा मोठा साक्षीदार म्हणजे सेंट अँड्र्यूजचा बिशप जेम्स केनेडी. लँकेस्टर पक्षाचा हा पाठीराखा राणीचा दरबारातला प्रतिस्पर्धी होता. राणीमुळे राज्यात फूट पडली, असे त्याने तिच्या मृत्यूनंतर फ्रान्सच्या राजासाठी लिहिलेल्या निवेदनात म्हटले, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तोच सूर लावला. पण केनेडी काय म्हणाला यापेक्षा त्याने काय केले ते पाहा. ९ डिसेंबर १४६३ रोजी, राणीला जाऊन जेमतेम आठ दिवस झाले असताना, स्कॉटलंडने चौथ्या एडवर्डशी युद्धबंदी केली, आणि पुढच्या वर्षी केनेडीच्याच प्रभावाखाली पंधरा वर्षांचा तह झाला. म्हणजे राणीची जी वाट त्याने अडवली, तीच तिच्या पश्चात त्याने स्वीकारली. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

ती बर्गंडीच्या हातातले बाहुले होती, असाही एक आक्षेप आहे. फिलिपला लँकेस्टर पक्ष नको होता. त्याला मदत करू नये म्हणून त्याने ग्रूटहुजच्या सरदाराला स्कॉटलंडला पाठवलेही. तरी मेरीने बेरिक घेतले आणि लँकेस्टरना थारा दिला. तिच्या मुलीचे मार्गारेटच्या मुलाशी ठरू पाहणारे लग्न मात्र झाले नाही. मामा-आजोबांचे जिथे राज्याच्या हिताचे होते तिथे ऐकले, नव्हते तिथे बाजूला ठेवले. बाहुले असे वागत नाही. एक अपयश मात्र तिच्या माथी आहेच. १४६३ च्या उन्हाळ्यात लँकेस्टर पक्षाबरोबर नॉरमच्या किल्ल्याला घातलेला वेढा वॉरिक येताच मोडला. ती चूक होती, आणि त्या चुकीत केनेडीचा पक्ष तिच्या बरोबरीने वाटेकरी होता.

आता तिच्या पदरी काय जमा होते ते पाहू. स्कॉटलंडमध्ये अल्पवयीन राजाला पळवून सत्ता बळकावणे हा सरदारांचा जुना धंदा होता. मेरीची सासू जोन बोफर्ट हिला १४३९ मध्ये लिव्हिंगस्टन मंडळींनी स्टर्लिंगला कैद केले आणि बालराजा ताब्यात ठेवला. मेरीच्या तीन वर्षांत असे घडले नाही. केनेडी १४६५ मध्ये वारला आणि १४६६ च्या जुलैत बॉइड घराण्याने राजाला उचललेच. बाईच्या हाती राज्य दिले म्हणून सरदारांनी नाके मुरडली होती, ही नोंद समकालीन इतिवृत्तात आहे; नाके मुरडणाऱ्यांना तिच्याइतके काम जमले नाही. नॉर्मन मॅकडुगल यांनी तिसऱ्या जेम्सच्या चरित्रात आणि फिओना डाउनी यांनी पंधराव्या शतकातल्या स्कॉटिश राण्यांवरच्या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे तिची बाजू नव्याने मांडली आहे, तीही याच दिशेने जाते. फाइफच्या किनाऱ्यावर तिच्यासाठी बांधलेला रेव्हन्सक्रेग किल्ला तोफांचा मारा डोळ्यांपुढे ठेवून उभारलेल्या ब्रिटनमधल्या पहिल्या किल्ल्यांपैकी एक. नवऱ्याचा बळी तोफेने घेतला आणि तिने त्याच वर्षापासून तोफेला तोंड देणाऱ्या भिंती उभारल्या. त्याच्या स्मरणार्थ एडिंबरोत तिने ट्रिनिटी कॉलेज चर्च आणि गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. तिला तिथेच पुरले होते. १८४८ मध्ये वेव्हर्ली रेल्वे स्थानकासाठी ते चर्च पाडले, तेव्हा तिच्या समजल्या गेलेल्या अस्थी होलीरूडला नेल्या. दगडांवर आकडे घालून ते रचून ठेवले होते. त्यांतून पुढे एक तुकडा तेवढा पुन्हा उभा राहिला.

आर्नहेम ही आज गेल्डरलँड प्रांताची राजधानी आहे आणि ड्यूकांच्या काळातले कागद तिथल्याच अभिलेखागारात जपलेले आहेत. कारेलच्या कबरीपुढे उभे राहून त्याच्या स्वातंत्र्यप्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांनी त्याच्या आत्याचेही नाव घ्यावे, आणि बदफैली म्हणून नव्हे, राज्य सांभाळणारी म्हणून घ्यावे. तिने मिळवलेले बेरिक २१ वर्षे स्कॉटलंडकडे राहिले. १४८२ मध्ये, तिच्या दोन मुलांच्या भांडणात, ते इंग्रजांनी परत घेतले आणि मग स्कॉटलंडला ते कधीच मिळाले नाही.