दहा मिनिटांची लोककला

युवा महोत्सवाहून संघ परतला की महाविद्यालयात पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'नंबर आला का?' नाही आला, तर दीड-दोन महिन्यांच्या तालमी वाया गेल्या, असे चार जण सहज बोलून जातात. भाग घेतलेल्यांपैकी एक या नात्याने मला हा प्रश्नच अपुरा वाटतो.

दिल्लीत 1954 साली पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. आज शिवाजी विद्यापीठाचा जिल्हास्तरीय महोत्सव, मग मध्यवर्ती, पुढे 2003 पासूनचा राज्याचा 'इंद्रधनुष्य', अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर घड्याळ! मूकनाट्य पाच मिनिटे, लघुनाटिका दहा, लोकनृत्यालाही दहाच. घड्याळाबद्दल माझी तक्रार नाही. पाच मिनिटांत शब्दावाचून गोष्ट सांगायची, तर फाफटपसारा आपोआप गळतो. हे शिक्षण वर्गात मिळाले नसते. (गुरुजनांनी राग मानू नये.)

तक्रार आहे ती निराळीच. जावळीच्या डोंगरातली मुले रंगमंचावर जातात ती कोळीनृत्य घेऊन. वेण्णेकाठी वाढलेल्यांनी समुद्रातली वल्ही का मारावीत? कारण उघड आहे. कोळीगीत तयार मिळते, पोशाख भाड्याने मिळतो, शहरातला दिग्दर्शक आठ दिवसांत नाच बसवून देतो. आपल्याकडचे भारूड, सातारा-सांगलीकडचे गजीनृत्य असे भाड्याने मिळत नाही. त्यासाठी ढोल वाजवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसावे लागते. रात्रभर चालणारा गोंधळ दहा मिनिटांत आणायचा, तर काय ठेवावे आणि काय सोडावे, हे जाणत्या गोंधळ्याखेरीज कोण सांगणार? आपल्या तालुक्यातली कितीतरी घरे मुंबईच्या माथाडीकामावर जगली. गावची हौशी मंडळी तिकडेच असतात आणि यात्रेपुरती येतात. त्यांना गाठायचे तर चैत्रातच. परीक्षा तोंडावर असतात हे खरे, पण एक रविवार निघू शकतो.

दुसरी गोष्ट मुलींची. तालीम पाचनंतर ठेवली की शेवटची एसटी गाठायची म्हणून वाडीवस्तीवरच्या मुली संघातून गळतात, आणि मग 'मुलींना आवडच नाही' असे म्हणायला आपण मोकळे! त्यांपैकी कित्येकींचा गळा जात्यावरच्या ओव्या ऐकत तयार झालेला आहे.

पुढील वर्षी तालमी दुपारीच घ्याव्यात आणि पोशाखाच्या भाड्यातले काही पैसे वाचवून गावच्या एखाद्या ढोलकऱ्याला मानधन देऊन बोलवावे, अशी सांस्कृतिक विभागाला माझी विनंती आहे.