वर्गाबाहेरचा तास : बोअर तुमचा, पाणी कुणाचं?



दरवर्षी १ जुलैला आमच्या धर्माबाद तालुक्यात एक मोठी घटना घडते. गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे चौदा दरवाजे वर उचलले जातात आणि अडवलेलं पाणी खाली तेलंगणाकडे वाहू लागतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी असते : 'त्रिसदस्यीय समितीच्या उपस्थितीत दरवाजे उघडले.' ही बातमी मी चौथीच्या वर्गात वाचून दाखवली, तेव्हा मागच्या ओळीतून प्रश्न आला, "बाई, समिती म्हणजे काय? अन् ती बसते बसते म्हणतात, ती कुठं बसते?"

वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं. पण प्रश्न चांगला होता. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारून पाहा बरं, किती जणांना नीट उत्तर देता येतं ते! म्हणून आजचा आपला तास समितीचा.

समिती म्हणजे एखादं काम नेमून दिलेली चार-सहा माणसं. बाभळीच्या समितीत तीन माणसं असतात. एक केंद्रीय जल आयोगाचा, एक महाराष्ट्राचा आणि एक पलीकडच्या राज्याचा. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहतील. ते तसं होतं की नाही, हे या समितीने पाहायचं. ढग आले काय, न आले काय, तारीख बदलत नाही. का? तर समितीच्या पाठीशी न्यायालयाचा हुकूम आहे.

आता दुसऱ्या प्रकारची समिती पाहू. तिच्या हातात हुकूम नसतो. ती नुसती मोजते, विचार करते आणि सल्ला देते. अशी समिती कदाचित तुमच्या गावातही असेल.

२०१८ साली आपल्या राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. लोक त्याला 'पोकरा' म्हणतात. जागतिक बँकेच्या कर्जातून मराठवाडा आणि विदर्भातली हजारो दुष्काळी गावं त्यात घेतली. त्या गावांत एक ग्राम कृषी संजीवनी समिती नेमायची, असं ठरलं. तिच्या इंग्रजी नावात तर 'हवामान' हाच शब्द आहे. बदलत्या हवामानाला गावाने तोंड कसं द्यायचं, हे पाहणारी ही समिती. अध्यक्ष सरपंच. बाकी सदस्य म्हणजे गावातलेच शेतकरी, बचत गटातल्या बाया, ग्रामपंचायतीचे सदस्य. मदतीला कृषी सहायक. सदस्यांना पगार नाही. आपल्या घरचं काम सांभाळून यायचं.

तुम्ही म्हणाल, बाई, हवामान तर आभाळात. गावची समिती त्याला काय करणार?

खरं आहे. आभाळ आपल्या हातात नाही. पण दोन वर्षं आठवा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरात पाणी संपलं. तेव्हा तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. नंतर २०२५ चा ऑगस्ट. आपल्याच नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यात एवढा पाऊस कोसळला, की रातोरात घरांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली. एकदा पाण्याविना हाल, एकदा पाण्यानेच हाल! पृथ्वी तापते आहे, तसा पावसाचा ताल बिघडतो आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. थोड्या दिवसांत धो धो पडतो, मग मोठी उघडीप देतो. आलेलं पाणी धरायचं कसं आणि पुरवायचं कसं, एवढं मात्र गावाच्या हातात आहे.

समितीचं काम कसं चालतं, ते सांगते. प्रभातफेरी निघते. त्यात शाळेतली मुलं पुढे असतात, हे सांगायला नकोच. मग शिवारफेरी. समिती आणि गावकरी मिळून सारं शिवार पायी पालथं घालतात. नाला कुठं फुटलाय, माती कुठून वाहून जाते, कुठल्या विहिरीला पाणी आहे, कुठली कोरडी, हे डोळ्यांनी पाहतात. गावाचा नकाशा काढतात. आणि मग येतं सगळ्यात महत्त्वाचं काम, पाण्याचा ताळेबंद. घरखर्चाचा हिशोब आई जशी वहीत मांडते ना, जमा किती, खर्च किती, अगदी तसाच पाण्याचा हिशोब. या हिशोबाची रीत बसवायला मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापकांनीही मदत केली.

चला, आपणही एक हिशोब मांडू. पाटी-पेन्सिल घ्या. हे गाव आपण मनानेच बसवू.

गावाचं शिवार ५०० हेक्टर. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी होतं. आता गुणाकार करा. आलं उत्तर? ४०० कोटी लिटर! एवढं पाणी असताना टंचाई कशी, असं वाटेल. पण बरंचसं पाणी नाल्याने वाहून जातं, बरंचसं उन्हाने उडून जातं, काही पिकं पितात. आपल्या खडकाळ भागात खाली मुरतं ते थोडंच. समजा, दहावा भाग मुरला. म्हणजे विहिरी आणि बोअरसाठी उरले ४० कोटी लिटर.

आता खर्च. गावात १,५०० माणसं. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ३ कोटी लिटर. पिण्याचं आणि घरचं पाणी एवढंच! आणि ऊस? एका हेक्टर उसाला वर्षभरात साधारण २ कोटी लिटर पाणी लागतं. त्यातलं निम्मं पावसाने भागलं असं धरलं, तरी १ कोटी लिटर जमिनीखालून उपसावं लागतं. म्हणजे ३ हेक्टर ऊस आणि सगळ्या गावाचं वर्षभराचं पाणी, बरोबरी झाली की नाही? साडेसात एकर ऊस एकीकडे आणि दीड हजार माणसं एकीकडे. हरभरा मात्र दोन पाण्यांवरही येतो. त्याला उसाच्या उपशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी पाणी पुरतं.

हा हिशोब पाहिला, की समिती काय सल्ला देईल, ते तुम्हीच सांगाल. यंदा जमा कमी आहे, तर ऊस कमी करा, हरभरा-ज्वारी घ्या, ठिबक बसवा, शेततळं खोदा. मग तो आराखडा ग्रामसभेपुढे जातो. गावाने हात वर केला, की तो गावाचा होतो.

पण मुलांनो, हात वर करणं आणि रानात तसं वागणं यांत फार अंतर असतं.

माझ्या माहेरच्या गावची गोष्ट सांगते. एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे होते. शाळेच्या भिंतीवर समितीने पाण्याचा ताळेबंद रंगवला होता. जमेपेक्षा खर्च जास्त, खाली लाल अक्षरांत तूट. पाराजवळ बैठक भरली. समितीतल्या एका भाऊंनी सांगितलं, "यंदा नवा ऊस नको." माझे चुलते तिथेच बसलेले. ते म्हणाले, "बोअर माझा, पैसा माझा. मी काय लावायचं ते समिती सांगणार का?"

सगळे गप्प. चुलत्यांना कोण बोलणार! तेवढ्यात बचत गटातली एक बाई पदर सावरत उठली. म्हणाली, "बोअर तुमचाच हाय दादा. पण खालचं पाणी तुमच्या धुऱ्यापाशी येऊन थांबतंय का?"

कुणीच उत्तर दिलं नाही. चुलत्यांनी त्या वर्षी दोन एकर ऊस लावलाच. समितीला दंड करता येत नाही, बोअर बंद करता येत नाही. मार्च सरता सरता त्या बाईच्या रानातली विहीर आटली. एकट्या आमच्या उसानेच आटली, असं मी म्हणणार नाही, आणखीही बोअर होते. पण त्या बाईची नात घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहायची आणि शाळेत उशिरा पोचायची. हे ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. भिंतीवरची लाल तूट अशी एखाद्या मुलीच्या हजेरीपटावर येऊन पडते.

पुढच्या वर्षी भिंतीवर नवे आकडे रंगवले. चुलते तिथे बराच वेळ उभे राहून वाचत होते म्हणे. त्या साली त्यांनी एका एकरात हरभरा घातला. समितीमुळे, की ऊसतोडीची टोळी वेळेवर मिळाली नाही म्हणून, ते त्यांनाच ठाऊक! पण ते थांबून वाचत होते, हे मी मोलाचं मानते. समितीकडे हुकूम नाही, हे खरं. मात्र सगळ्यांनी मिळून मोजलेला आणि सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला आकडा तिच्याकडे आहे. त्या आकड्याशी भांडता येत नाही.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं, ते पाहायचं असेल तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे पाहा. तिथे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथली ग्रामसभा वर्षाचा पाऊस मोजते आणि ताळेबंद मांडते. आधी माणसांचं पाणी, मग जनावरांचं, उरेल ते पिकाचं. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस लावायचा नाही, हे गावानेच ठरवलं. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. सल्ला तोच, पण तिथे तो सगळ्यांनी आपला मानला.

"बाई, आम्ही तर शहरात राहतो, आमच्याकडे कुठली समिती?" शहरातही आहे, बरं का! जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की महानगरपालिका, प्रत्येक ठिकाणी जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. आपल्या भागातली झाडं, पक्षी, मासे, बियाणं यांची नोंदवही लोकांना विचारून करायची, हे तिचं काम. शिवाय २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांसाठी गावांनी आणि शहरांनी काय केलं, त्याला गुण मिळतात. तुम्हाला परीक्षेत मिळतात तसेच!

आता तुमचा गृहपाठ. तीन कामं देते.

एक. सरळ काठाचं, सपाट बुडाचं एखादं भांडं अंगणात मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी आठ वाजता आतलं पाणी पट्टीने मोजा, वहीत मिलिमीटर लिहा आणि भांडं रिकामं करून ठेवा.

दोन. गल्लीतल्या हापशाला किती वेळा हापसल्यावर पाणी येतं, ते दर रविवारी मोजा. पावसाळ्यात पाच, उन्हाळ्यात पन्नास, असं काही दिसेल. जमिनीखालचं पाणी किती खोल गेलं, याचा तो अंदाज असतो. विहिरीत मात्र एकट्याने डोकावायचं नाही. ती नोंद मोठ्यांकडून घ्या.

तीन. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन नम्रपणे विचारा, "आपल्या समितीत कोण कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली?" उत्तर मिळालं तर वहीत लिहा. नाही मिळालं, तर तेही तारखेसकट लिहा.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. त्यांतल्या एकीला तरी मुलाला सोबत न्या. मागे बसून त्याने नुसतं ऐकलं तरी पुष्कळ आहे. आणि मुलाने हापशाचे आकडे दाखवले, तर "जा, अभ्यास कर" म्हणू नका. तोही अभ्यासच आहे.

तर मुलांनो, समिती कुठं बसते, याचं उत्तर आता द्याल ना? ती कधी पारावर बसते, कधी ग्रामपंचायतीत. पण बसण्याआधी तिने शिवार पायी फिरलेलं असावं. तुमच्या वहीतले आकडे घेऊन एखाद्या बैठकीला गेलात, तर काय झालं ते मला नक्की कळवा. वाट पाहते.

तुमच्या,
बाई