नेटस्केपची विक्री : घेतले काय, उरले काय?

एक मोठी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, तेव्हा वर्तमानपत्रात ठळक छापून येते ती रक्कम. घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. सूतगिरणी विकली तर जमीन, इमारत, चात्या हाती येतात. त्या मोजता येतात. पण संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी कंपनी विकली तर काय मोजायचे? विद्यार्थिमित्रांनो, ज्या आज्ञावलीतून तुम्ही रोज वेब पाहता, तिच्या जन्मकथेतच हा प्रश्न दडलेला आहे.

ही कथा नेटस्केपची. तुमच्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकलेही नसेल. तुमच्या शिक्षकांना ते आठवत असेल. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९३ साली 'मोझेइक' हा ब्राउझर तयार झाला. ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावरचे पान मागवून ते आपल्या पडद्यावर मांडणारी आज्ञावली. मोझेइक मजकूर आणि चित्रे एकाच पानावर दाखवी, आणि त्यामुळे वेब सामान्य माणसालाही पाहावेसे वाटू लागले. तो लिहिणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन या तरुणाने १९९४ मध्ये जिम क्लार्क यांच्याबरोबर नेटस्केप कंपनी काढली. तिच्या ब्राउझरचे नाव 'नॅव्हिगेटर', आणि कंपनीतले त्याचे टोपणनाव 'मोझिला'.

या कंपनीने दोन-तीन वर्षांत जे काम केले, ते थक्क करणारे आहे. वेबचा सर्व्हर मुळात फार विसरभोळा. तुम्ही एक पान मागितले आणि लगेच दुसरे मागितले, तरी माणूस तोच आहे हे त्याला कळत नाही. नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी यावर तोड काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा सर्व्हरने ब्राउझरला एक छोटा बिल्ला द्यायचा आणि ब्राउझरने तो दर वेळी दाखवायचा. हीच 'कुकी'. (पुढे जाहिरातवाल्यांनी या बिल्ल्याचा उपयोग माणसांच्या मागावर राहण्यासाठी केला, तो भाग वेगळा.) वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करून पाठवण्याची 'एसएसएल' पद्धतही नेटस्केपचीच, आज बँकेचा व्यवहार सुरक्षित ठेवणारी पद्धत तिचीच वंशज आहे. आणि १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी अवघ्या १० दिवसांत जिचा पहिला नमुना लिहिला, ती जावास्क्रिप्ट भाषा आज जवळजवळ प्रत्येक वेबपानात चालते.

१९९५ मध्येच मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर आणला. तो विंडोजबरोबर फुकट मिळू लागल्यावर पैसे देऊन नॅव्हिगेटर कोण घेणार? नेटस्केप मागे पडत गेली. तेव्हा तिने एक वेगळेच पाऊल उचलले. ३१ मार्च १९९८ रोजी तिने आपल्या ब्राउझरची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला वाचण्याजोगा मजकूर, सर्व जगाला खुली केली. कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला बातमी आली : टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट पुरवणारी एओएल ही कंपनी ४.२ अब्ज डॉलर किमतीचे शेअर देऊन नेटस्केप घेणार.

आणि पुढे काय झाले? एओएलच्या स्वतःच्या आज्ञावलीत इंटरनेट एक्स्प्लोररच राहिला! मे २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबरचा खटला मिटवताना एओएलने ७५ कोटी डॉलर घेतले, शिवाय एक्स्प्लोरर आणखी ७ वर्षे वापरण्याचा परवानाही. दोन महिन्यांनी नेटस्केपच्या उरलेल्या मंडळींना निरोप दिला गेला. १ मार्च २००८ पासून त्या नावाच्या ब्राउझरची देखभालही थांबली.

विक्री करणाऱ्यांना मी दोष देत नाही. भागधारकांचे पैसे होते, त्यांनी ते वाचवले. पण एओएलने घेतले ते नाव, संकेतस्थळ आणि रोज येणारे वाचक. या साऱ्या गोष्टी नाशवंत होत्या. टिकले ते विक्रीपूर्वी सर्वांना देऊन टाकलेले. त्या खुल्या संहितेचा मोठा भाग पुन्हा लिहावा लागला, वर्षे गेली, पण त्यातूनच २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला.

याउलट जिओसिटीजचे पाहा. लाखो लोकांनी तेथे आपापली पाने मांडली होती. याहूने ते १९९९ मध्ये विकत घेतले आणि २००९ मध्ये अमेरिकेतील सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे उतरवून घेतले, तेवढे वाचले. तुमचे प्रकल्प, छायाचित्रे, टिपणे आज कोणाच्या संगणकावर आहेत, आणि ती कंपनी उद्या विकली गेली तर तुम्हाला ती परत काढून घेता येतील का, हे मला वर्गात विचारण्याजोगे वाटते.

फुकट दिलेले आपोआप जगते, असे मात्र समजू नका. मोझिला प्रतिष्ठान २००३ मध्ये उभे राहिले ते एओएलच्या २० लाख डॉलरांवर, आणि पुढे त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा गूगलकडून येत राहिला. गूगलचा स्वतःचा ब्राउझर क्रोम! हा पेच अजून सुटलेला नाही.

आता शाळेच्या संगणकावर एक गोष्ट करून पाहा. सुरुवातीच्या काळात काही संकेतस्थळे चांगली पाने फक्त नॅव्हिगेटरलाच देत. म्हणून एक्स्प्लोररही सर्व्हरला आपले नाव 'मोझिला' असेच सांगू लागला. इतरांनी त्याचाच कित्ता गिरवला. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ कळ दाबा, कन्सोल उघडा आणि इंग्रजीत 'नॅव्हिगेटर', टिंब, 'युजरएजंट' असे सलग टाइप करा ('एजंट'चे पहिले अक्षर तेवढे मोठे). ब्राउझर कोणताही असो, उत्तराची सुरुवात 'मोझिला/५.०' अशीच दिसेल.