वेग त्यांचा, चलन तिचे

रस्त्यात एखादी मोटार चढावर अडखळली, की मागचे चार जण आधी मान लांब करून आत कोण बसले आहे ते पाहतात. बाई दिसली, की सर्वांना कारण सापडते. पुरुष दिसला, तर मात्र दोष गाडीचा, चढाचा किंवा महानगरपालिकेचा! गेली वीस वर्षे मी मोटार चालवीत आहे. एवढ्या काळात लोकांनी खिडकीतून जी अक्कल मला शिकविली, तिचे पुस्तक काढले तर ते ह्या दिवाळी अंकाएवढे सहज होईल. पण आज माझी तक्रार शेरेबाजीबद्दल नाही. शेरे वाऱ्यावर जातात. नोंद कागदावर राहते. मला बोलायचे आहे ते नोंदीविषयी.

आमच्या शेजारच्या वहिनींचेच पाहा ना. गाडी त्यांच्या नावावर आहे. मंडई आणि मुलीची गाण्याची शिकवणी, एवढीच त्यांची धाव. काटा चाळिसाच्या पुढे सरकला, की त्यांना घाम फुटतो. असे असून गेल्या वर्षभरात वेगमर्यादा ओलांडल्याची सात चलने त्यांच्या मोबाईलवर येऊन पडली. सातही द्रुतगती मार्गावरची, शनिवारची आणि भाऊजींच्या हातची! कॅमेरा गाडीची पाटी वाचतो. आत बसलेल्या माणसाच्या मिशा काही चलनावर उमटत नाहीत. भाऊजींना विचाराल, तर ते हसून सांगतील, "अहो, आपला हात साफ आहे. तीस वर्षांत एक डाग नाही!" आणि ते खोटेही नाही. सरकारी दप्तरात त्यांच्या नावावर खरोखरच डाग नाही. सगळे डाग वहिनींच्या नावावर आहेत.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा, असे मात्र समजू नका. इंग्लंडात वेगाच्या गुन्ह्याबद्दल दंडाबरोबर परवान्यावर 'गुण' चढवितात. गुण कसले, अवगुणच ते! तीन वर्षांत असे बारा जमले, की परवाना सहसा सहा महिन्यांसाठी जातो. २००३ साली ख्रिस ह्यून नावाच्या राजकारणी गृहस्थांची गाडी कॅमेऱ्यात सापडली. परवाना वाचावा म्हणून ते गुण त्यांच्या पत्नी विकी प्राइस ह्यांनी आपल्या परवान्यावर घेतले. गंमत अशी, की पुढे थोड्याच दिवसांत गाडी चालविताना मोबाईल वापरल्याबद्दल ह्यूनसाहेबांचा परवाना गेला तो गेलाच! नंतर ते मंत्री झाले, संसार मोडला आणि जुनी गोष्ट चव्हाट्यावर आली. नवऱ्याच्या दडपणाखाली आपण हे केले, असे बाईंनी न्यायालयात सांगून पाहिले; ज्यूरीने ते मानले नाही. मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची सजा झाली. नवऱ्याचा वेग अंगावर घेणाऱ्या बायकोला कायद्याने पतिव्रता म्हटले नाही, साथीदार म्हटले. आपल्या भगिनींनी हे जरा लक्षात ठेवावे.

आपल्या मोटार वाहन कायद्यातही सराईतांची दखल घेतलेली आहे. धोकादायक रीतीने गाडी चालविण्याचा गुन्हा तीन वर्षांत पुन्हा घडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दारू पिऊन गाडी चालविल्यास, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या खेपेस १०,००० रुपये दंड आहे, दुसऱ्या खेपेस १५,०००; कैद आहे ती वेगळीच. पण दुसरी खेप ठरायची, तर पहिली खेप खऱ्या माणसाच्या नावावर लागायला नको का? पोलिसाने हात दाखवून थांबविलेल्या माणसाचे नाव तेथेच कळते. कॅमेऱ्याने टिपलेल्याचे ते मालकाकडून कळावे लागते. अधिकाऱ्याने विचारले, की गाडी कोण चालवीत होते हे सांगणे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्याच कायद्याचे १३३ वे कलम म्हणते. पण कोणी विचारण्याआधीच दंड भरून मोकळे झाले, की नाव झाकलेले राहते आणि सराईत माणूस जन्मभर नवशिकाच ठरतो! २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. सरकारी अहवालात त्यांतील दर दहांपैकी सात मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे ते अतिवेग. म्हणून हा नवरा-बायकोमधला घरगुती मामला उरत नाही.

जी नजर भाऊजींवर विश्वास टाकते आणि वहिनींवर टाकीत नाही, तीच नजर गॅरेजात अंगाला तेल लावून उभी असते. मागे एकदा मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. आमचे यजमान सोबत होते. बॉनेट कोणत्या बाजूला उघडते ह्याचा त्यांना पत्ता नाही. पण मी प्रश्न विचारी आणि मिस्त्री उत्तर देई ते त्यांना. संध्याकाळी बिल आले. त्यात 'नवीन एअर फिल्टर' होता. आता तो फिल्टर मी दोनच महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने बसविला होता आणि त्यावर शाईने तारीख घातली होती. मी तेथेच क्लिपा काढून डबा उघडला. माझ्याच अक्षरातली तारीख माझ्याकडे पाहत होती! मिस्त्री म्हणाला, "पोऱ्याने चुकून लिहिले असेल, मॅडम." पोऱ्याची चूक नेहमी बिल वाढविणारीच का असते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्याच कोड्याची परीक्षा घेतली. गॅरेजांना फोन करून एकाच मोटारीच्या रेडिएटरचा भाव विचारायला त्यांनी काही बायका आणि काही पुरुष बसविले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. भावाची माहिती नाही असे दाखविणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा सरासरी २३ डॉलर जास्त सांगण्यात आले. मात्र "चालू भाव अमुक आहे ना?" असे जिने आधीच म्हटले, तिच्या बाबतीत हा फरक नाहीसा झाला. म्हणजे गॅरेजवाला लुटतो ते बाईला म्हणून नव्हे, तर बाई म्हणजे अजाण, ह्या समजुतीच्या जोरावर.

आणि ही समजूत मुळात आली तरी कोठून? मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. शंभरावर किलोमीटरची वाट! इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. वाटेत एकही गॅरेज नव्हते. कदाचित म्हणूनच त्या वेळेवर पोहोचल्या!

तेव्हा भगिनींनो, गाडी गॅरेजात देताना खर्चाचा अंदाज लेखी घ्या, बदललेले जुने भाग परत मागा आणि मिस्त्री तुमच्या यजमानांकडे पाहून बोलू लागला, तर यजमानांना चहाला पाठवा.

आणि आता पाडवा आलाच आहे. ओवाळून झाल्यावर ताटात काय पडते ते आपण सर्वजणी पाहतोच. मी वहिनींना सुचविले आहे, की यंदा साडी मागू नका. भाऊजींना म्हणावे, यापुढच्या चलनांवर नाव तेवढे स्वतःचे घाला!